तारेवरचं पत्र

मेलेलं पिल्लू हातात हलकं लागतं आणि जिवंत जड, हे मावशीच्या बोटांना आठवडाभरातच कळलं होतं. दोघांचं वजन सारखंच, पण जिवंत पिल्लू बोटांत अंग चोरतं, धडपडतं. म्हणून उचललं की न बघताच समजायचं, बादलीत टाकायचं की पाण्याशी ठेवायचं.

दुपारी बारा वाजले की शेडचे पत्रे तापत. तीन हजार पिल्लं तुसावर चोची उघडून, पंख फाकवून बसत. मावशी वाकून रांगेनं जाई. पाण्याची भांडी दर तासाला रिकामी करायची, गार पाण्यानं भरायची. बाजूच्या जाळीला बांधलेली बारदानं सुकली की भिजवायची. कंबर सरळ व्हायची ती फक्त बादली ओतताना.

या पोल्ट्रीवर येऊन त्यांना अठरा दिवस झाले होते. मावशी, तिचा नवरा आणि मुलगी. शेडच्या मागं पाण्याच्या टाकीला टेकून एक खोली होती, तीच घर. नवऱ्याला सगळे फौजदार म्हणत. जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता, पण मिशी अशी होती की पाहणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं. भर उन्हात डोक्याला ओलं फडकं बांधून तो नळी घेऊन पत्र्यावर चढे आणि तासन्‌तास पाणी मारी.

मुलगी चिमी. वय बावीस, पण घरातलं नाव लहानपणीचंच राहिलं होतं. ती डाव्या हातानं बादली उचले. उजवं मनगट मोडून तिरकं सांधलं होतं. ते जावयानं मोडलं होतं.

जावई टेंपो चालवायचा. त्याच्याइतका सभ्य माणूस शोधून सापडणार नाही असं लोक म्हणत, आणि लोकांचं तरी काय चुकत होतं? मनगट पिरगाळतानाही त्यानं आवाज चढवला नव्हता. चिमी माहेरी निघून आली, तसा तो दर आठवड्याला यायला लागला. शेवटच्या वेळी आला तेव्हा त्यानं दाराला बाहेरून कडी घातली आणि दिवसभर ओट्यावर बसून राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करत. आत तिघं. दिवेलागणीला कडी काढून म्हणाला, "पुढच्या वेळी घेऊनच जाईन, आई. तयारी करून ठेवा."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांनी वस्ती सोडली. कुठं चाललो ते शेजारणीलाही सांगितलं नाही.

पण एक धागा मागं राहिला होता. वस्ती सोडण्याआधी चिमीनं शहरातल्या नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. शेडवाल्याचा, म्हणजे पोल्ट्रीच्या मालकाचा, फोन मागून तिनं चौकशी केली, तेव्हा पलीकडची बाई म्हणाली, "निवड झालीय तुमची. पत्र तुमच्या पत्त्यावर निघेल आठवडाभरात. सोळा नाहीतर सतरा तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत, मूळ पत्र घेऊन या. पत्राशिवाय फाटकातून आत घेत नाहीत."

"पत्ता बदललाय. नव्या पत्त्यावर पाठवाल का?"

"सगळी पाकिटं लिहून झालीत, बाई. तुमच्या जुन्या पोस्टात अर्ज द्या, ते पुढं पाठवतील."

फोन ठेवून चिमी आईजवळ बसली. "तिथं राहायला वसतिगृह आहे, आई. फाटकावर पहारेकरी असतो. पुरुषांना आत सोडत नाहीत." हे शेवटचं वाक्य ती दोनदा बोलली.

जुन्या वस्तीवर टपालाची एक रीत होती. पोस्टमन घरोघर फिरत नसे. चढ उभा, सायकल जुनी. तो सगळ्या वस्तीची पत्रं पिठाच्या गिरणीत देई. गिरणीवाल्यानं भिंतीला एक तार ताणली होती. तिच्यावर तो कपड्यांच्या चिमट्यांनी पत्रं लटकवायचा. दळण न्यायला येणारी बाई आपलं नि शेजारच्यांचंही पत्र काढून नेई. पत्र कुणाचं, कुठून आलं, हे अख्ख्या वस्तीला माहीत व्हायचं. त्यात कुणाला कधी वावगं वाटलं नव्हतं. मावशीलाही नव्हतं. पण आता ती तार आठवली की तिच्या हातातलं काम थांबे, कारण धान्याची पोती घेऊन जावयाचा टेंपो त्याच गिरणीशी लागायचा, एक दिवसाआड.

"पाकिटावर त्या शाळेचं नाव असेल का गं?" तिनं विचारलं.

"असणारच."

"मग त्यानं ते पाहिलं तर?"

चिमी उजवं मनगट डाव्या हातात धरून बसली.

मावशी एक दिवसाची सुट्टी मागायला गेली, तेव्हा शेडवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "मावशी, इथं पिल्लं पटापट माना टाकतायत आणि तुम्हाला पोस्टात जायचंय? कुणाला प्रेमपत्र लिहिलंय का या वयात?"

"नाही हो. पत्ता बदलायचाय."

"पत्ता काय पळून चाललाय? बरं, जा. पण दुपारच्या आत हजर."

जुन्या पोस्टाच्या खिडकीत चष्मा लावलेली, केस पिकलेली पोस्टमास्तरीण होती. मावशीला जेमतेम लिहिता येई. मास्तरीण बाईंनी अर्ज तिच्यासमोर ठेवला आणि पेनाच्या टोकानं एकेक रकाना दाखवत, पहिलीच्या पोरांना शिकवावं तसं समजावलं.

"इथं जुना पत्ता. इथं नवा. इथं किती महिन्यांसाठी ते. आणि इथं, हे नीट ऐका हं, ज्यांची ज्यांची पत्रं पुढं पाठवायची त्या प्रत्येकाचं नाव. नाव नसेल त्याचं पत्र जुन्याच पत्त्यावर जाणार. कोण कोण आहात घरात?"

"हा कागद कोण वाचतं?"

"मी वाचते. पोस्टमन वाचतो."

"पोस्टमन कुणाला सांगणार नाही ना?"

मास्तरीण बाई हसल्या. "त्यात सांगण्या-न सांगण्यासारखं काय आहे? पत्ता म्हणजे चोरीचा माल आहे का?"

मावशीच्या मागं रांगेत चार माणसं होती. त्यातलं कोण कान देऊन आहे, तिला कळेना. तिनं फौजदाराचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं. तिसरं नाव जिभेवर आलं आणि तिनं ते गिळलं. नव्या पत्त्याच्या खाली, त्याच कागदावर, चिमीचं नाव? ते म्हणजे बोट धरून त्याला दारापर्यंत आणण्यासारखं झालं असतं.

"अजून कोण?"

"कोणी नाही. आम्ही दोघंच."

"बघा हं. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

मावशीनं सही केली. बाहेर येऊन बसच्या खांबाशी उभी राहिली, तेव्हा तिला हायसं वाटत होतं. घरावरच तर पत्ता असतो, तिनं मनाशी म्हटलं. घराचं टपाल नव्या घरी येणार. त्यात पोरीचंही येणारच की.

पंधरा तारखेला, चौथा प्रहर कलला तेव्हा, सायकलवरून एक पोस्टमन पोल्ट्रीच्या फाटकाशी आला आणि फौजदाराच्या हातात पाकीट देऊन गेला. फौजदाराच्या भावाचं पत्र होतं. जुना पत्ता लाल शाईनं खोडून शेजारी नवा लिहिला होता. फौजदारानं ते दोन्ही हातांनी धरलं. "आलं की गं! अर्ज चालला तुझा. मला वाटलं नव्हतं हो."

मावशीही हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल. चिमी पाण्याची भांडी घासत होती. तिनं ओले हात पदराला पुसले, पाकीट घेतलं, उलटसुलट पाहिलं. "माझं का नाही आलं मग? काकाचं पत्र तर नंतर टाकलेलं आहे. आई, अर्जावर माझं नाव लिहिलंस ना?"

मावशी बारदान भिजवायला वळली.

"आई?"

"मला वाटलं, तुझं नाव दिसायला नको कुठं..."

चिमी रडली नाही, रागावलीही नाही. भांड्यापाशी परत जाऊन बसली आणि घासलेलंच भांडं पुन्हा घासायला लागली. ते पाहणं मावशीला जड गेलं. पत्र तारेवर लटकत होतं, शाळेचं नाव घेऊन, कोण जाणे किती दिवसांपासून. आणि उद्या सोळा.

"मी जाते सकाळच्या पहिल्या बसनं," मावशी म्हणाली.

"मी जाऊ का?" फौजदार म्हणाला, पण त्याचा आवाज ऐकून मावशीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी ती वस्तीवर उतरली तेव्हा गिरणीचा पट्टा फटफटत होता. आत पिठाचा धुरळा, दळणाच्या रांगेत पाचसहा बाया. बाहेर जावयाचा टेंपो उभा होता, मागची फळी खाली पाडलेली. आत पोत्यांची थप्पी.

मावशीचे पाय उंबऱ्यात थांबले. मागं फिरावं? पण तारेवर, तिसऱ्या चिमट्याला, लांबट पांढरं पाकीट होतं. पिठानं कड धुरकट झालेली. चिमीचं नाव तिला इतक्या लांबूनही वाचता आलं. आणि पाकिटाच्या अगदी खाली, भिंतीला टेकून, घाम पुसत जावई उभा होता. त्याच्या डोक्याचे केस पाकिटाला लागत होते. त्याची पत्रं इथं येत नसत, म्हणून तारेकडे त्यानं पाहिलं नसावं.

"अरे, आई!" तो म्हणाला. "किती दिवसांनी! वाळलात की हो."

बाया वळल्या. एकजण म्हणाली, "अगं बाई, कुठं गायब झालात? जावई बिचारा रोज विचारतोय."

"आई सांगतील ना आता," जावई म्हणाला. तो हलला नाही. नुसतं मान वर करून पाहिलं असतं तरी पाकीट त्याच्या नाकाला लागलं असतं.

मावशीच्या कानात पट्ट्याचा आवाज भरला. एका म्हातारीचं पोतं काट्याशेजारी पडलं होतं, आणि म्हातारी त्याच्याकडे बघत हात चोळत होती. मावशी एकदम मोठ्यानं बोलली, साऱ्यांना ऐकू जाईल असं, "जावई, आजींचं पोतं तेवढं काट्यावर ठेवा की. तुमच्यासारखा धट्टाकट्टा माणूस असताना म्हातारीनं वाकायचं का?"

"खरंच गं बाई," म्हातारी म्हणाली. "गुणाचा आहे तो. ठेवेल."

चारचौघांत नाही म्हणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो हसला, पुढं झाला, वाकला. पोतं छातीशी धरून उचललं. तेवढ्या वेळात मावशी भिंतीशी गेली, चिमटा दाबला, पाकीट ओढलं आणि पोलक्यात घातलं. गिरणीवाल्यानं पाहिलं. तो पिठाच्या डब्यात हात घालून पीठ चाचपत राहिला.

जावई हात झटकत जवळ आला. "मग? पोल्ट्रीवर बरं चाललंय ना?"

मावशीचा हात पोलक्यावर गेला.

"पोस्टमन म्हणाला परवा गिरणीत. यांचं टपाल आता तारेवर लावू नका, हे पोल्ट्रीवर गेले. टाकीमागच्या खोलीत. चिमीचं काही बोलला नाही, पण ती काय एकटी राहणार आहे?" तो नेहमीसारखा मऊ बोलत होता. "चाळीस पोती आहेत. एवढी उतरली की येतोच. नाहीतर असं करा, थांबा ना तुम्ही. सोबतच जाऊ. कशाला बसचे धक्के खाता?"

"पोस्टात काम आहे," मावशी म्हणाली आणि निघाली.

परतीच्या बसमध्ये ती पोती मोजत होती. एका पोत्याला किती वेळ? पाठीवर घ्यायचं, फळीवरून उतरायचं, थप्पी लावायची. मध्ये पाणी पिणार, चहा पिणार. बस दर थांब्याला थांबे, आणि मावशीच्या मनातली थप्पी दोन पोत्यांनी वाढे.

ती पोल्ट्रीवर पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. शहरातून खाद्य घेऊन आलेला ट्रक शेडसमोर रिकामा होत होता. मावशीनं चिमीच्या हातात पाकीट दिलं आणि सांगितलं, "तो येतोय. आत्ता निघायचं. या ट्रकनं."

चिमीनं पाकीट फोडलं, तारीख पाहिली, मान हलवली. तिला कपड्यांचं बोचकं बांधता येईना, उजव्या हाताला गाठ ओढवत नव्हती. मावशीनं बांधून दिलं. ड्रायव्हर म्हातारा होता, डोळे लाल, झोप न झालेले. मावशी त्याला म्हणाली, "भाऊ, पोरीला शहरात नर्सिंगच्या शाळेच्या फाटकाशी सोडायचं. आणि वाटेत एक टेंपो आडवा येईल. तो मागं जाईपर्यंत हिला खाली बसू द्या, बारदानाखाली."

ड्रायव्हरनं एकदा चिमीच्या मनगटाकडे पाहिलं. "चढ, बेटा," एवढंच म्हणाला.

चिमीची चप्पल दाराशी होती. ती पायात घालणार, तोच मावशीनं तिला थांबवलं. आपली चप्पल काढून पोरीच्या पायापुढं सरकवली. "ही घाल. तुझी राहू दे दारात."

ट्रक गेला. धुरळा खाली बसायच्या आत मावशीनं फौजदाराला नळी देऊन पत्र्यावर चढवलं. "खाली उतरायचं नाही. काही विचारलं तर ऐकू आलं नाही म्हणायचं." फौजदाराला खोटं बोलता येत नसे, तोंड उघडायच्या आत मिशी थरथरायची.

अर्ध्या तासात टेंपो फाटकातून आत आला.

"खाद्याची गाडी भेटली वाटेत," जावई उतरता उतरता म्हणाला. "रस्ता अरुंद. मलाच टेंपो बाजूला घ्यावा लागला." मग त्यानं खोलीच्या दाराकडे पाहिलं. दारात चिमीची चप्पल होती. ती पाहून त्याचा चेहरा सैल झाला. "चिमी?"

"कपडे घेऊन गेलीय पलीकडच्या विहिरीवर," मावशी म्हणाली. "येईल. बसा ना."

ज्याच्या सावलीला भिऊन घर सोडलं, त्याला आता धरून ठेवायचं होतं. सहापर्यंत. त्याच्या आत शंका आली, तर टेंपोला रिकाम्या ट्रकपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? मावशीनं त्याला बाज टाकून दिली, पाणी दिलं. चहा ठेवला, आणि चूल मुद्दाम मंद ठेवली. शेडमधून पिल्लांचा आवाज येत होता, तो बारीक होत चाललेला. या वेळेला तिनं आत असायला हवं होतं. पाण्याची भांडी कोमट झाली असतील. पण बाजेसमोरून हलायची तिला छाती होईना.

जमीन तव्यासारखी तापली होती. अनवाणी तळव्यांना चटके बसत. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिली, आणि हे त्याच्या ध्यानात येऊ नये म्हणून सतत काही ना काही करत राहिली.

"विहीर लांब आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे जरा. गाळ आहे पाण्याला, थांबावं लागतं."

"मी जातो, ओझं असेल तिला."

"बायका आंघोळीला असतात तिथं," मावशी म्हणाली. "बरं दिसेल का ते?"

तो परत बसला. चहा झाला. तो वस्तीवरच्या गोष्टी सांगत राहिला: कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोराचं जमलं. मधेच म्हणाला, "मी काय वाईट आहे का, आई? रागात एखादी गोष्ट होते माणसाकडून. ती तेवढं धरून बसलीय."

मावशी म्हणाली, "अजून चहा घ्या."

शेडवाला एकदा येऊन ओरडून गेला. "मावशी, पाहुणचार नंतर करा! आत पन्नासेक गेली असतील!" ती हो हो म्हणाली, आत गेली, दोन बादल्या पाणी ओतलं आणि धावत परत आली. बाज अजून भरलेली होती. तो चपलेकडे पाहत बसला होता.

उन्हं पत्र्यावरून उतरली. खांबाची सावली टाकीपर्यंत गेली. आता ट्रक शहरात शिरला असेल. आता फाटक. पहारेकऱ्यानं पाकीट उलटसुलट पाहिलं असेल. नाही म्हणाला असेल तर? ड्रायव्हरनं वाटेतच उतरवलं असेल तर? तिनं ते मनातून झटकलं, पण ते माशीसारखं परत येऊन बसे.

शेडमधले दिवे घड्याळाला जोडलेले होते. बरोबर सहाला एकदम सगळे लागले आणि जाळीतून पिवळा उजेड अंगणात पडला.

जावई उठला. "आली नाही की अजून."

मावशी दारापाशी गेली. तळव्यांना फोड आले होते. आता एक पाऊलही सोसवत नव्हतं. तिनं चिमीची चप्पल पायात सरकवली.

त्यानं ते पाहिलं. आधी चप्पल, मग तिचा चेहरा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो जवळ आला आणि त्यानं तिचं मनगट हातात घेतलं, नाडी पाहावी तसं, हलकेच.

"पत्ता सांगा, आई."

"नाही," मावशी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण फार लहान.

बोटं आवळत गेली. हाडावर हाड घासल्यासारखं झालं. पत्र्यावरून फौजदार उतरत होता. शिडीच्या पायऱ्या करकरत होत्या, आणि नळीतलं पाणी तसंच वाहत होतं, टेंपोच्या काचेवर, बाजेवर, जावयाच्या पाठीवर. फौजदार नळी घेऊन मावशीच्या शेजारी येऊन उभा राहिला. शेडवाला आणि दोन कामकरी बादल्या घेऊन बाहेर आले आणि थांबले.

जावयानं त्यांच्याकडे पाहिलं. हात सोडला. ओल्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"आई थकल्यात उन्हानं," तो शेडवाल्याला म्हणाला. "जरा जपा." मग मावशीकडे वळून, पूर्वीच्याच मऊ आवाजात, "येईन मी परत."

"या," मावशी म्हणाली. "आम्ही दोघं इथंच आहोत."

तो टेंपोत जाऊन बसला. इंजिन सुरू झालं, पण टेंपो हलेना. दिवे लावून तो फाटकाशी तसाच उभा राहिला, धडधडत. मावशी त्याच्याकडे पाठ करून शेडमध्ये गेली. सुजत चाललेल्या हातानं भांडं उचलता येत नव्हतं. तिनं डाव्या हातानं उचललं, कोमट पाणी ओतलं, गार भरलं. मग पुढचं भांडं. कान मात्र बाहेरच्या इंजिनाकडे होते.